धारवाल्याचं अर्धं पान

सुरी नखावर टेकवली की धार कितपत आहे ते धारवाल्याला कळायचं. पण हा पठ्ठ्या आयुष्यभर एकाच सुरीला घाबरला, धर्मग्रंथातल्या अब्राहामाच्या. देवाने परीक्षा पाहायला पोटचा मुलगा मागितला, आणि बाप मुकाट्याने सरपण आणि सुरी घेऊन डोंगराकडे निघाला! वर्षातून एकदा घरात ती गोष्ट वाचायची पाळी येई. वाटेत मुलगा "बाबा" म्हणून हाक मारतो आणि बाप म्हणतो, "हा मी इथे आहे, बाळा." तिथे धारवाल्याचा आवाज चिरकायचा. सुरी उगारली की ग्रंथच मिटायचा.

"धारेची सुरी काय करते ते मला विचारा," म्हणायचा. पुढचं त्याची लेक वाचायची.

त्याच एकुलत्या एका लेकीच्या हृदयाची झडप पंधराव्या वर्षी बिघडली. डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशनच्या संमतीचा कागद पुढे केला.

"बरी होईल असं वाटतं. पण शब्द देता येत नाही."

"तुमच्या सुऱ्यांना धार कोण लावतं?"

"नव्याच येतात. एकदा वापरायच्या, टाकून द्यायच्या."

"टाकून?" एवढ्या काळजीतही धारवाल्याचा जीव हळहळला.

कागद तीन दिवस धार लावायच्या सहाणेखाली पडून राहिला. सही करायला हात धजेना. शेवटी लेकच ग्रंथ घेऊन आली.

"बाबा, तुम्ही अर्धंच पान वाचता, आणि तेही धड नाही. डोंगराखाली तो चाकरांना काय सांगतो? 'तुम्ही इथे थांबा. आम्ही दोघं वर जाऊन परत येतो.' दोघं, बाबा! पुढे काय होणार ते त्याला कुठे ठाऊक होतं?"

तीस वर्षं त्या ओळीवरून धारवाल्याची नजर नुसती घसरत गेली होती. त्याला स्वतःचीच लाज वाटली. सकाळी त्याने सही केली.

ऑपरेशन चार तास चाललं. बाहेरच्या बाकावर त्याने सुरीच्या पुढचं पहिल्यांदा स्वतः वाचलं. वरून हाक येते, बापाचा हात थांबतो, मुलाचा जीव वाचतो. बाकावरच तो हमसून हमसून रडला. तरी आतला दरवाजा काही उघडेना, म्हणून पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागला.

संध्याकाळी लेकीने डोळे किलकिले केले. ओठ कोरडे पडलेले.

"बाबा?"

"हा मी इथे आहे, बाळा," धारवाला म्हणाला, आणि या वेळी त्याचा आवाज चिरकला नाही.