बारा मिनिटांचं माहेर

ज्या गावात रोज कामानिमित्त जायचं, त्याच गावाला सुट्टीच्या दिवशी तिकीट काढून जाणारा माणूस एकतर वेडा असतो, नाहीतर भांडायला निघालेला असतो. कंडक्टरबाई भांडायला निघाल्या होत्या.

डेपोत त्यांना पाठीमागे ‘भोंगा’ म्हणत. आवाज तसा होता आणि स्वभाव आवाजाला साजेसा. एकोणीस वर्षं एकच रस्ता. शहरातून निघायचं, वाटेत या गावात बारा मिनिटं थांबायचं, पुढे डोंगराच्या पायथ्याशी जायचं. डोंगर बघायला निघालेली मंडळी या गावात पाय मोकळे करायला उतरत, “इथे बघण्यासारखं काय आहे?” असं विचारत आणि उत्तर ऐकायच्या आत पुन्हा गाडीत चढत. खरं सांगायचं तर बाईंनीही स्टँडच्या फाटकापलीकडे कधी पाऊल टाकलं नव्हतं. आणि त्यांची सख्खी थोरली बहीण याच गावात दिली होती!

राग त्याचाच होता. ताई रोज दुपारी निळी शाल पांघरून स्टँडवर यायची. हातात गरम डबा आणि घरच्या बागेतली दोन लिंबं. बारा मिनिटं दोघी बाकावर बसायच्या. तीन मजली घर, मागे बाग, पुढे झोपाळा, सगळं ऐकून ऐकून बाईंना तोंडपाठ झालं होतं. पहिली काही वर्षं बाईंनाच सवड झाली नाही; पुढे “मग येते एकदा दिवसभर” म्हटलं की ताईला काहीतरी आठवायचं. कधी रंगकाम, कधी पाहुणे. यातून काय समजायचं ते बाईंनी समजून घेतलं होतं. तीन मजली घराला खाकीतली बहीण शोभत नाही, दुसरं काय! मनात एवढी अढी होती, पण डबा मात्र त्या चाटूनपुसून खात.

आता तर आठ दिवस ताई फिरकलीच नव्हती. फोनवर म्हणे, “पाहुणे आहेत गं.” आठ दिवस? पाहुणे की बिऱ्हाड? बाईंचं डोकं सणकलं. तिच्या झोपाळ्यावर बसून, तिच्या पाहुण्यांसमोर तिला जाब विचारायचा, असं ठरवूनच त्या गाडीत बसल्या.

गाडीवर आज मिशीवाला कंडक्टर होता. त्याने बाईंना बघितलं आणि मागच्या आठवड्यातला किस्सा उतारूंना रंगवून सांगायला घेतला. एका माणसाने बूट घातलेले पाय समोरच्या सीटवर ठेवले होते. बाई म्हणाल्या, पाय खाली. तो म्हणाला, नाही घेत. बाईंनी भर शेतात गाडी थांबवली. पाय खाली येत नाहीत तोवर बेल नाही! लोकांनी हात जोडले, ड्रायव्हरने कपाळ बडवून घेतलं, बाई हलल्या नाहीत. “शेवटी घेतले त्याने पाय खाली! चाळीस मिनिटांनी!” मिशीवाल्याने मांडीवर थाप मारली. बाईंनीही मान ताठ केली. हा किस्सा त्यांनी स्वतःच डेपोभर सांगितला होता.

गावात उतरल्यावर मात्र पंचाईत झाली. तीन मजली घर कोणालाच ठाऊक नव्हतं. मुख्य रस्ता म्हणजे दोन्ही बाजूंना मिळून तीसेक दुकानं. निम्म्यांना कुलूप, उरलेल्यांत मालक पेंगत होते. शिंप्याने शिक्षणाधिकाऱ्याच्या तोऱ्यात सांगितलं, “तीन मजली फक्त शाळा आहे.” सायकलवाल्याने धान्याच्या गोदामाकडे बोट दाखवलं. बाई पोस्टापर्यंत गेल्या, बंद पडलेल्या थिएटराला वळसा घालून पुलावर गेल्या. पुलापलीकडे रस्ता संपून सरळ शेतंच सुरू होत होती. गाव संपलं, घर नाही! ऊन डोक्यावर आणि राग त्याच्याही वर. तरातरा परत येऊन त्या फाटकाजवळच्या लिंबूवाल्यावरच डाफरल्या, “निळ्या शालीतली बाई रोज इथे येते, ती राहते कुठे?”

“ती होय? रोज दोन लिंबं न्यायची माझ्याकडून,” लिंबूवाला म्हणाला. “बाटल्यांच्या कारखान्यामागे बघा. आता आठ दिवस दिसली नाही.”

माझ्याकडून! बाईंना आधी अर्थच लागला नाही. लागला तेव्हा कानशिलं तापली.

कारखान्यामागे एका ओळीत खोल्या होत्या. तिसऱ्या दारात ताई बसली होती, भांडं घासत. बहिणीला बघताच तिने आधी ओठांवर बोट ठेवलं. “हळू! हे झोपलेत. रात्रपाळीचे रखवालदार आहेत.”

झालं! आयुष्यातलं सगळ्यात मोठं भांडण आणि तेही कुजबुजत करायचं!

“कुठंय झोपाळा?” बाई दातओठ खात कुजबुजल्या. “बाग कुठंय?”

“घर गेलं गं. भावाभावांच्या वाटण्या झाल्या, पाडून तिथे धान्याचं गोदाम झालं, त्याला अकरा वर्षं झाली. मी कारखान्यात लागले, बाटल्या धुवायला.”

“अकरा वर्षं माझ्या तोंडावर खोटं बोलत होतीस?”

“तू सगळ्यांना सांगायचीस, माझ्या ताईचं घर तीन मजली आहे. कसं मोडू मी ते?”

बाईंना ताईचे हात आठवले. कायम पांढरे पडलेले, सुरकुतलेले. घरात मोलकरणी असताना हिचे हात कसे भिजलेले, असं एकदा मनात आलंही होतं. तेव्हा तोंडात घास होता, म्हणून विचारायचं राहून गेलं. त्यांना ताईचा भयंकर राग आला आणि त्याहून जास्त स्वतःचा.

“मग आठ दिवस का आली नाहीस? खरं सांग.”

“काम गेलं. जेवणाच्या सुट्टीत रबरी एप्रन काढून खुंटीवरची शाल घेऊन पळत यायचे. उशीर झाला तर काढून टाकेन, असं मुकादम दोनदा बोलला होता. त्या दिवशी गाडीच वेळेवर आली नाही. म्हटलं, आता येईल, मग येईल. तू उपाशी राहिली असतीस ना.”

“मी बघते त्या मुकादमाकडे!” बाईंचा आवाज सुटलाच. आत खाट करकरली. “एवढ्याशासाठी? एवढ्याशासाठी माणसाला काढतात?”

“हळू बोल. त्याचं तरी काय चुकलं? एक बाई जागेवर नसली की बाटल्यांचा पट्टा थांबतो. पंचवीस जणी हात बांधून उभ्या होत्या माझ्यापायी.” ताईने भांडं पालथं घातलं. “पण त्या दिवशी झालं होतं काय गं? दोन मिनिटंच थांबलात. ‘उद्या सांगते’ म्हणालीस आणि राहिलंच.”

डेपोभर मिरवलेला किस्सा आता बाईंना सांगवेना. तरी त्यांनी सांगितला, पायांपासून शेतापर्यंत, एकही शब्द न गाळता. स्वतःला वाचवायचं त्यांना कधी जमलंच नव्हतं.

ताईने पालथं भांडं उचलून पुन्हा घासायला घेतलं.

“घेतले का मग त्याने पाय खाली?”

“घेतले.”

“घेणारच,” ताई म्हणाली आणि उठून चहाचं आधण ठेवायला आत गेली. तिने एक शिवी जरी घातली असती तरी बाईंना बरं वाटलं असतं.

चार वाजता ताई स्टँडवर पोचवायला आली. शाल तीच. फाटकाशी थांबून तिने बहिणीदेखत लिंबूवाल्याकडून दोन लिंबं घेतली. दोघी नेहमीच्या बाकावर बसल्या.

“आता रोज निवांत येईन. घाई कसलीच नाही,” ताई म्हणाली.

बाईंना सगळ्या जगाच्या मुस्काटात मारावीशी वाटत होती आणि समोर मारण्यासारखं कोणी नव्हतं. तेवढ्यात मिशीवाला परतीच्या गाडीच्या दारातून ओरडला, “बाई, चढा! उशीर होतोय!”

“होऊ दे उशीर!” बाई गरजल्या. अख्खा स्टँड वळून बघायला लागला.

ताईने मात्र दचकून स्टँडच्या घड्याळाकडे बघितलं. काम जाऊन आठ दिवस झाले होते, तरी बघितलं.

बाई ताडकन उठल्या. ताईच्या हातातली लिंबं घेतली, मिशीवाल्याला बाजूला सारून आत चढल्या आणि स्वतःच बेलची दोरी ओढली. दोनदा.