सतरा नंबरची बाटली

आमच्या प्रयोगशाळेत मी बाटल्या धुते. माझं कोण ऐकणार म्हणा! पण ताईंची गोष्ट माझ्याइतकी कुणाला ठाऊक नाही, कारण त्यांच्या बाटल्या बारा वर्षं मीच धुतल्यात.

ताई पेशी सांभाळतात. गाईची पेशी आणि उंदराच्या कॅन्सरची पेशी, दोघींना जोडून एक केलेली. गाईकडून अँटिबॉडी मिळते, उंदराकडून न मरता वाढत राहणं. एका पेशीचा वंश, म्हणून अँटिबॉडी सगळ्या तंतोतंत सारख्या. गुरांचे रोग तपासायला त्या लागतात. पण संसार मुळातच विजोड! वाढता वाढता पेशी गाईचा वाटा टाकून देते. दिसायला धष्टपुष्ट, कामाला शून्य. म्हणून दर तिसऱ्या दिवशी चाचणी करायची, ज्यांचा रंग पिवळा येईल त्याच पेशी वेचायच्या आणि एकेक वेगळी वाढवायची. इतरांच्या हातात त्या महिनाभरात निकामी व्हायच्या, ताईंची सतरा नंबरची बाटली मात्र बारा वर्षं चालू होती.

त्यामागे एक युक्ती होती. ताज्या द्रवात त्या पेशींचंच जुनं, उष्टं पाणी गाळून थोडं घालायच्या. वहीत त्यांनी हे कधीच लिहिलं नाही. तेव्हा नोकरी कच्ची होती ना!

"लिहून दिलं की झालं. गरज सरो, वैद्य मरो," म्हणायच्या.

पुढे नोकरी पक्की झाली आणि ताई अडकल्या. दोन दिवसांपेक्षा जास्त रजा नाही. भावाच्या लग्नालासुद्धा अक्षरशः तोंड दाखवून परतल्या.

यंदा त्याच भावाचे फोन यायला लागले. "आई सगळं विसरत चाललीय. मला मामा म्हणते. तुझं नाव अजून घेते. लवकर ये." तिथे पोचायलाच अख्खा दिवस लागतो. रजा मागितली की प्रयोगशाळेच्या मुख्य मॅडमचं एकच, "ताई, सतरा नंबर कोण बघणार?"

मला राग यायचा. "अहो, लिहून टाका ना एकदाचं! आतून कडी तुम्हीच घातलीय, बाहेरून कोण काढणार?"

"बारा वर्षं लपवलं. आता कोणत्या तोंडानं सांगू गं?"

शेवटी एका सोमवारी त्यांनी ते कागदावर लिहून मॅडमच्या हातात दिलं. मी तिथेच बाटल्या मांडत होते.

"हे होय?" मॅडम म्हणाल्या. "मला पहिल्याच वर्षी कळलं होतं. तीनदा करून पाहिलं, नाही टिकल्या. ताई, कागदात काही नाही. सगळं तुमच्या नजरेत आहे. रजेचं पुढच्या वर्षी बघू."

बारा वर्षं जीव मुठीत धरून जपलेलं गुपित, आणि त्याला कवडीची किंमत नाही! ताईंनी अॅप्रन खुर्चीवर टाकला आणि अर्जही न देता निघाल्या. दारात माझा हात धरला. "बघशील ना गं?" मी काय बघणार होते म्हणा!

मॅडम स्वतः सतरा नंबरपुढे बसल्या. मन लावून बसल्या, खोटं कशाला बोलू? सहाव्या दिवशी चाचणीची थाळी फेकायला माझ्याकडे आली. शहाण्णव खळगे, सगळे पाण्यासारखे. पिवळा एकही नाही.

तेवढ्यात ताईंचा फोन.

"ओळखलं गं आईनं! दारातच विचारलं, किती दिवसांची सुट्टी? सवयीनं तोंडातून गेलं, दोन. तेव्हापासून रोज सकाळी माझी पिशवी भरून दाराशी ठेवते." मग आवाज उतरला. "सतरा नंबर कसाय? खरं सांग. रंग गेला असेल तर आजच्या गाडीनं निघते."

थाळी माझ्या हातातच होती.

"पिवळाधमक," मी म्हटलं. "मॅडम म्हणतात, ताईंवाचून काही अडत नाही."

मग त्या "बरं झालं" म्हणाल्या, आणि पिशवी रिकामी करायला गेल्या.