लॅपटॉपचा दसरा

त्या वर्षी दसऱ्याला मी आमच्या दाजींचा लॅपटॉप धुतला नव्हता, फक्त साफ केला होता. हा फरक मी इतकी वर्षं नातेवाइकांना समजावून सांगतोय. तरी प्रत्येक लग्नात कुणीतरी मला, म्हणजे बसूला, मांडवात गाठतं आणि 'काय बसू, आमचा टीव्ही धुवायचा हाय, कधी येतोस?' असं गंभीर चेहऱ्यानं विचारतं.

आमच्या दिंद्रुडात नवरात्राआधी घरोघरी दसरा काढतात. म्हणजे गोधड्या, भांडी, डबे, पाट, कपाटातले आणि कपाटावरचे कपडे, सगळं बाहेर काढून धुवायचं. (त्या दिवसांत आमच्या घरी जेवायला वेळेवर मागायची कुणाची हिंमत नसे.) कामाच्या हत्यारांची पाळी मात्र खंडेनवमीला. ती सकाळी घासूनपुसून पाटावर मांडायची, पुजायची आणि त्या दिवशी त्यांना हात लावायचा नाही. आमचं किराणा-भुसाराचं दुकान. त्यामुळे आमची हत्यारं म्हणजे तराजू, वजनं, मापं, अडकित्ता आणि आईचं शिलाई मशीन. एवढ्या हत्यारांवर कुठलीही लढाई जिंकता आली नसती, पण पूजा दणक्यात व्हायची.

त्या वर्षी या फौजेत लॅपटॉप दाखल झाला. आमच्या आक्काचं उन्हाळ्यात लग्न झालं होतं. दाजी पुण्याला एका नव्या परदेशी कंपनीत प्रोग्राम लिहायचे. पहिल्या दसऱ्याला जोडीनं आले, तेव्हा खांद्याला काळी बॅग आणि बॅगेत कंपनीचा लॅपटॉप. गावात तोवर एसटीडी बूथ आला होता, रंगीत टीव्ही आले होते, पण वीज गेल्यावरही चालणारं यंत्र कुणी पाहिलं नव्हतं. आमच्याकडे वीज जाण्याचं प्रमाण बघता, हे यंत्र खास आमच्या तालुक्यासाठीच काढलंय अशी अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, समजूत झाली.

दाजींच्या येण्यावर माझं सगळं भवितव्य टांगलेलं होतं. मी माजलगावच्या क्लासात कॉम्प्युटर शिकलो होतो. (एका कॉम्प्युटरभोवती आम्ही इतके जण बसायचो की मला बहुतेक वेळा पडद्याची डावी कडाच दिसायची.) मला पुण्याला जायचं होतं. दाजींच्या मित्राचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं आणि तिथं त्याला माणूस हवा होता. अण्णांना मात्र मी दिवाळीच्या पाडव्यापासून आपल्या दुकानाच्या गादीवर बसायला हवा होतो. घरात बरेच दिवस धुसफूस चालली, आणि शेवटी अण्णांनी निकाल पाव्हण्यांवर सोडला.

"तुमी चार दिवस हाईत ना, पाव्हणं? बघा ह्याला पारखून," ते म्हणाले. "अक्कल असंल तर न्या. नसंल तर आमचं दुकान हायच."

दुकानाला अक्कल लागत नाही, असा याचा अर्थ होतो, हे अण्णांच्या लक्षात आलं नाही. मीही आणून दिलं नाही.

खंडेनवमीला सकाळी अण्णा दाजींना घेऊन लिंबागणेशला गणपतीच्या दर्शनाला गेले. निघताना आईनं आक्काकरवी विचारलं, पाव्हण्यांचं हत्यार पूजेत ठेवायचं का? नवा जावई नाही कशाला म्हणतोय? 'ठेवा की,' म्हणाले आणि जीपमध्ये बसले. इकडे मला वाटलं, हीच वेळ. दाजी परत येतील तेव्हा लॅपटॉप आतून-बाहेरून लखलखीत! पारख करायला आणखी काय हवं?

मी लॅपटॉप पालथा घालून खालचं झाकण उघडलं. आत पुण्याची धूळ होती. अण्णांचा दाढीचा ब्रश घेतला, सायकलचा पंप घेतला आणि हलक्या हातानं पंख्याचं पातं न् पातं झाडलं. काढलेले स्क्रू समोरच्या परातीत ठेवत होतो. आई त्याच परातीत शिलाई मशीनचे सुटे भाग पुसून ठेवत होती, ही गोष्ट मला झाकण लावताना कळली. परातीत भरपूर स्क्रू होते. त्यातले लॅपटॉपला बसणारे शोधून शोधून लावले, तरी एक भोक रिकामंच राहिलं. तो स्क्रू परातीत नव्हता, पाटाखाली नव्हता, माझ्या खिशातही नव्हता. म्हणजे तो लॅपटॉपच्या पोटात राहिला असणार!

तेवढ्यात आईनं सांगितलं, दुकानातून मूठभर तांदूळ आण, अक्षता करायच्यात. मी धावत जाऊन समोर दिसलेल्या पोत्यातून मूठ भरून आणली. माझं सगळं लक्ष त्या भोकाकडे.

"ह्याला कुंकू कुठं लावू रे?" आईनं विचारलं.

घरातला कॉम्प्युटरचा जाणकार म्हणून मी सल्ला दिला, की पडद्याला नको, बटणांना तर मुळीच नको. उलटा ठेव आणि पाठीवर लाव, तिथं काही धोका नाही. आईनं लॅपटॉप पालथा ठेवला, तराजूला आणि मशीनला ओढले तसेच त्याच्याही पाठीवर विभूतीचे तीन पट्टे ओढले. कुंकवाचं बोट मीच लावतो म्हणालो आणि नेमकं त्या भोकावर चांगलं लपलपीत लावलं. भोक बुजलं. एरवी देवाला हात जोडायचा कंटाळा करणारा मी, त्या दिवशी इतक्या भक्तीनं मूठभर अक्षता उधळल्या की आईला भरून आलं.

दाजी परतले ते घाईतच. त्यांना कंपनीचं काम दसऱ्याच्या रात्रीपर्यंत संपवून दुसऱ्या दिवशी पुण्यात दाखवायचं होतं. पण पुजलेलं हत्यार त्या दिवशी चालवत नाहीत. आईनं तसं सांगितल्यावर दाजींनी पूजेकडे पाहिलं, सासूबाईंकडे पाहिलं आणि मुकाट्यानं पुरणपोळी खाल्ली.

दसऱ्याला सकाळी मी त्यांच्या शेजारी मांडी घालून बसलो. लॅपटॉप सुरू झाला. आवाज नाही, काही नाही. माझा जीव भांड्यात पडला. मग मी छाती काढून म्हणालो, "दाजी, काल मी जरा साफ केलाय. आतून."

"आतून?" दाजींनी मान वळवली.

आणि लॅपटॉप तापून पंखा सुरू झाला. टर्र्र्र! सायकलच्या चाकात पुठ्ठा अडकवल्यावर येतो ना, तस्सा आवाज. आई स्वयंपाकघरातून पिठाचे हात घेऊन बाहेर आली. पंखा टरटरला, अडकला, पुन्हा टरटरला. मग लॅपटॉप इतका तापला की आपोआप बंद पडला.

"कंपनीचा आहे हो," दाजी एवढंच म्हणाले, पण त्यांच्या कपाळावर घाम आला होता. आक्कानं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, तीत मला दुकानाची गादी स्पष्ट दिसली.

अण्णांनी आमच्या शेजारचे गिरणीवाले रज्जाकभाई यांना बोलावलं. गावात पिठाची गिरणी त्यांची, पंप त्यांनी दुरुस्त करायचे, त्यामुळे फिरणाऱ्या प्रत्येक वस्तूवर त्यांचा शब्द अखेरचा. त्यांनी पेचकसाचं टोक लॅपटॉपला आणि दांडा कानाला लावला, डोळे मिटले आणि बराच वेळ ऐकलं.

"इसका पट्टा किदर है?" त्यांनी विचारलं.

"ह्याला पट्टा नसतो, चाचा," मी म्हणालो.

"तबीच तो," रज्जाकभाई म्हणाले आणि चहा पिऊन गेले.

मग आई मशीनच्या तेलाची बुधली घेऊन आली. तिला कसंबसं परत पाठवलं, तर मीठ-मिरच्या घेऊन आली. दृष्ट काढून झाली. मिरच्यांच्या धुरानं आम्ही सगळे खोकलो, लॅपटॉपचा आवाज मात्र तसाच राहिला. दाजींनी एकदा तो उलटा करून बघायला हात घातला. तेव्हा मी जवळजवळ अंगावर पडून त्यांना अडवलं.

"तापल्यावर उलटा करू नका! आतली डिस्क जागची सरकते."

हे मी क्लासात शिकलो नव्हतो. उलटा केला असता तर कुंकवाखालचं भोक दिसलं असतं, एवढंच मला माहीत होतं. दाजी बिचारे प्रोग्राम लिहिणारे, यंत्र कधी उघडलेलं नाही. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. आता ते काम करायचे, लॅपटॉप तापायचा, आणि मग मी सूप घेऊन त्याला वारा घालायचो. आतला पंखा बिघडला म्हणून बाहेरचा पंखा मी झालो. अशानं काम रात्रीपर्यंत संपणं शक्य नव्हतं, आणि तेवढा वेळ यंत्र टिकेल याचीही खात्री नव्हती.

संध्याकाळी सीमोल्लंघन करून लोक सोनं द्यायला आले. आपट्याची पानं अण्णांच्या हातात द्यायची, पाया पडायचं आणि 'ह्यो आवाज कशाचा हाय?' म्हणून विचारायचं. सगळे लॅपटॉपभोवती कोंडाळं करून उभे. एकजण म्हणाला, डिझेल संपलं असंल. दुसऱ्याला वाटलं, पुण्याच्या यंत्राला इथलं पाणी मानवलं नसणार. एका काकांनी लॅपटॉपवरही सोन्याची दोन पानं ठेवली आणि भक्तिभावानं हात जोडले. कुणीतरी विचारलं, हे झालं कावून? आई निरागसपणे म्हणाली, बसूनं काल साफ केलता. तो माणूस आमच्या दारातून बाहेर पडून वेशीपर्यंत जाईतो मी लॅपटॉप नदीवर नेऊन दगडावर आपटून धुतला होता.

अण्णा फक्त एकदा म्हणाले, "पाडव्यापासून सकाळी लवकर उठायची सवय लाव." माझ्या हातातलं सूप जड झालं. खरंच सांगतो, रडू फुटायचं बाकी होतं.

शेवटी आक्काचा संयम सुटला. नवरी म्हणून सकाळपासून ती पदर सावरत गप्प बसली होती. आता तिनं पदर खोचला.

"सर बाजूला," ती मला म्हणाली.

"आक्का, डिस्क सरकंल..."

"तूच सरक बे आधी." बाईमाणसानं 'बे' म्हटलेलं दाजींनी पहिल्यांदाच ऐकलं असावं.

तिनं लॅपटॉप बंद केला, उचलला, माझ्या सुपावर पालथा धरला आणि तांदूळ पाखडताना मारतात तशा पाठीवर दोन चापट्या मारल्या. मी डोळे गच्च मिटले. आधी भोकातली कुंकवाची वाळलेली खपली पडली. मग पंख्याच्या जाळीतून काहीतरी बारीक सुपात पडलं, टप्प. डोळे उघडून बघतो तर स्क्रू नव्हता. लाल रंगाचा इवलासा तांदूळ होता. कालची अक्षता!

दाजींनी लॅपटॉप सुरू केला. तापला, पंखा फिरला, आवाज नाही. जमलेल्या लोकांनी सोनं लुटल्यासारखा जल्लोष केला. दाजींनी तो हातात घेऊन खालून नीट निरखला.

"इथला एक स्क्रू कुठंय?"

"त्यो व्हय?" आई म्हणाली. "काल परातीत सापडला. मला वाटलं मशीनचाच, म्हून डबीत टाकला."

म्हणजे माझ्या हातून काहीच बिघडलं नव्हतं! दाजींनी मला स्क्रू लावायला सांगितला, आणि लावण्याआधी झाकण उघडून आत बघितलं. आत धुळीचा कण नव्हता. "कंपनीतसुद्धा कुणी इतकं स्वच्छ करत नाही," ते अण्णांना म्हणाले. "पोरगा हुशार आहे." मी सूप खाली ठेवलं आणि ताठ उभा राहिलो. पुणं मला समोर दिसत होतं.

अण्णांचं मात्र तिकडे लक्षच नव्हतं. त्यांनी तो तांदूळ तळहातावर घेतला होता आणि दिव्याजवळ नेऊन, चष्मा वर करून, गिऱ्हाइकाचा माल बघावा तसा बघत होते.

"ही कणी हाय," ते हळूच म्हणाले. "अक्षतेला अख्खा दाणा लागतो. अख्खा असता तर ह्या जाळीतनं आत गेलाच नसता. तांदूळ कुणी आनलता?"

सगळ्या घरानं माझ्याकडे बघितलं.

"दुकानात जल्मला, पोत्यावर खेळला," अण्णा म्हणाले, "आन् ह्याला कणी आन् कोलम वळकू येईना?" मग ते दाजींकडे वळले आणि त्यांनी चक्क हात जोडले. "पाव्हणं, तुमी न्याच ह्याला. कॉम्प्युटरचं मला काय कळत न्हाई. पन हा गादीवर बसला तर गिऱ्हाइकाला कणीच्या भावात कोलम दील."

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं मी पुण्याला गेलो. तेव्हापासून लॅपटॉप उघडतोय आणि बंद करतोय, आणि लोक मला संगणकातला जाणकार समजतात. खरी गोष्ट अशी, की आमच्या नात्यात हुशारीवर पुण्याला गेलेले एकटे दाजीच. मला पाठवलं ते दुकान वाचावं म्हणून.