मामांची कुजबुज

राजकीय पक्षांना पैसा कोण देतं हे जनतेला कळावं, म्हणून दिल्लीत मोठमोठे वकील वर्षानुवर्षं भांडत आले. कबनुरात ते काम माझ्या चुलत सासऱ्यांनी एकट्यानं आणि फुकट करून टाकलं. सासऱ्यांना आमच्याकडे मामा म्हणतात. मामांचं आयुष्य यंत्रमागांच्या खडखडाटात गेलं. त्यामुळे कान अधू आणि आवाज असा, की जेवताना "मीठ जास्त झालंय" म्हणाले तर शेजारीण ओशाळायची. मामींशी काही खाजगी बोलायचं झालं की दोघं मोटारसायकलवरून माळावर जायचे.

अशा माणसाला यंत्रमागधारकांच्या संघटनेनं शिष्टमंडळात घेतलं, कारण लाईटबिलाचं दुखणं त्यांच्याइतकं पोटतिडकीनं कुणी मांडत नसे. वीजदरात सवलत मिळाली नाही तर मामांचे माग भंगारात जाणार होते. निवडणूक तोंडावर आलेली. संघटनेनं दोन्ही पक्षांना निधी पोचवला होता, अर्थात बिननावाचा. देवळाला पंखा दिला तर पात्यावर नाव रंगवून घेणारी ही मंडळी अशा वेळी फार विनयशील होतात.

त्यातल्या एका पक्षाचे उमेदवार, म्हणजे साहेब, गावात सभेला आले, तेव्हा संघटनेच्या अध्यक्षांनी मामांना बजावलं, "हार घालताना हळूच कानात सांगायचं. वरडायचं न्हाय." मामा वाकले आणि त्यांच्या मते कुजबुजले, "सायेब, तुमच्या माणसाकडं पाकीट दिलंय, त्या दुसऱ्यास्नीबी दिलंय. कुणीबी निवडून या, पर लाईटबिलाचं बगा की!"

माईक बंद होता, तरी शेवटच्या रांगेतून टाळ्या आल्या. साहेबांनी हार काढून ठेवला आणि माईक सुरू करून म्हणाले, "काहीतरी गैरसमज आहे." ते मात्र हशात कुणाला ऐकू गेलं नाही.

सवलत आली नाही. ती मामांनी घालवली, असं सांगायला अध्यक्ष मोकळे झाले. पाकिटं परत आल्याचं मात्र ऐकिवात नाही. मामांना बैठकीचं बोलावणं बंद झालं. दिवाळीनंतर त्यांनी माग विकले.

परवा मी गेलतो. मामा रिकाम्या शेडच्या दारात बसले होते. मला बघून म्हणाले, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच खरोखर हळू म्हणाले, "पावणं, माज्या तोंडामुळं गेली व्हय सवलत?"

"न्हाय, मामा," मी म्हणालो. त्यांनी कानामागं हात धरला. मग मी ओरडलो. गल्लीतली माणसं दारात आली, समोरच्या घरात अध्यक्षांनी खिडकी उघडली. त्यांच्याकडे बघत मी पुन्हा ओरडलो, "न्हाय, मामा! तुमच्यामुळं न्हाय!"