पडद्यावर नसलेला बोल्ट

ही गोष्ट मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही — आमच्या ह्यांच्याजवळ तर नाहीच. आणि खरं म्हणजे आधी त्यांनाच सांगायला हवी होती.

लग्नाआधीची, नव्वदीचं दशक सरत आलं तेव्हाची. जळगावच्या एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात मी कॉम्प्युटरवर बसायचे आणि आमचे हे तिथेच सीएनसी, म्हणजे प्रोग्रामवर आपोआप धातू कापणारं मशीन चालवायचे. पिंप्राळ्याहून सायकलने येत. डब्यात भरीत असलं की अर्धं माझ्या टेबलावर ठेवून म्हणत — जास्तीचं झालं. दर वेळी कसं जास्तीचं होईल? पण मी खायचे.

माझं काम मोठं ऐटीचं. खऱ्या मशीनसारखंच एक मशीन कॉम्प्युटरमध्ये उभं करायचं — टेबल, टूल फिरवणारा स्पिंडल, जॉब म्हणजे कापायचा तुकडा धरणाऱ्या पट्ट्या, त्यांचे बोल्ट, सगळं मापानं. मग प्रोग्राम आधी त्या पडद्यावरच्या मशीनवर चालवून पाहायचा. टूल कुठे आदळणार असेल तर तिथे लाल दिसायचं, आणि खरं मशीन वाचायचं.

मापं घ्यायला गेले ती नेमकी खंडेनवमी. मशीनला झेंडूची माळ, आणि टेप, व्हर्नियर सगळं पूजेला मांडलेलं. हात लावायचा नाही. दसऱ्यानंतर मोजू म्हटलं आणि तोवर कॅटलॉगातली मापं भरून टाकली. पण आमच्या पट्ट्या कॅटलॉगातल्या नव्हत्याच. ह्यांनी त्या कारखान्यातच बनवून घेतल्या होत्या, बोल्ट चांगले बोटभर उंच. मला ठाऊक नव्हतं? होतं की. दसरा झाला, सोनं वाटून झालं, शेठ पडद्यावरचं मशीन पाहून खूश झाले, आणि मोजायचं — राहिलं. राहिलं कसलं, कंटाळा केला मी.

मग एका सकाळी टूल भरधाव आलं आणि बोल्टवर आदळलं. स्पिंडल कामातून गेला. शेठनी मला प्रोग्राम पडद्यावर चालवून दाखवायला सांगितलं. दाखवला. कुठेही लाल नाही. पडद्यावर तेवढा उंच बोल्टच नव्हता, तर लाल दिसणार कुठून? पण कॉम्प्युटरही चुकू शकतो हे तेव्हा कुणाच्या मनातही येत नसे. शेठ ह्यांच्याकडे वळले. मला एकच वाक्य बोलायचं होतं — बोल्टचं माप मी घेतलंच नाही. जीभ उचलली नाही.

हे खाली बघत, चूक आपल्याच हातावर घेत, अहिराणीत म्हणाले, "मनाच हात चुकना व्हई, शेठ."

मशीन त्यांच्याकडून काढून घेतलं, त्यांना साध्या, भोकं पाडायच्या ड्रिलवर बसवलं. त्याच संध्याकाळी मी गुपचूप बोल्ट मोजले आणि पडद्यावर उंच केले. दुसऱ्या दिवशी हे डबा घेऊन आले आणि म्हणाले, माझ्यामुळे तुमच्या कामाला बट्टा लागला. मी ते भरीतही खाल्लं.

लग्न केलं ते दयेपोटी नाही हं. माणूस आवडला होता, आजही आवडतो. पण सीएनसीला त्यांनी पुन्हा हात लावला नाही. स्वतःच्या हातावरचा भरवसाच उडाला त्यांचा. गॅस बंद केला तरी दोनदा जाऊन पाहतात. मुलं हसतात. मीही हसते.

आज सकाळी मेहरूण तलावावर फिरायला निघालो तर जिन्यात थांबले. "कुलूप लावलं ना गं मी?"

लावलं होतं. मी पाहिलं होतं.

"तुमचा काय नेम," मी म्हटलं, "बघून या."

आणि ते गुडघे धरत पुन्हा वर गेले.