लाल शाईचा ळ

भोईरमामा हरवलेल्या माणसाची नोंद वाचायचे ती जेवायला हाक मारल्यासारखी. "सुमन दगडू, वय बासष्ट, हिरवी साडी, पायात चप्पल न्हाय... कुठं गेलीस गो सुमनबाय?" मग क्षणभर थांबायचे. जणू ती कपाटामागून ओ देणार आहे. ओ आली नाही की चष्मा पुसून पुढचं नाव घ्यायचे.

मी त्या शाखेत रुजू झालो त्या पहिल्याच रात्री हे ऐकलं आणि मला वाटलं, या हवालदाराला रजेची गरज आहे. आज वाटतं, रजा मीच घ्यायला हवी होती. लांबची.

मीरा-भाईंदरमधल्या एका पोलीस कार्यालयाची ती अभिलेख शाखा. रात्रपाळीला आम्ही तिघं. मी पर्यवेक्षक, म्हणजे काम न करता काम होतंय का ते बघणारा. दुसरे हवालदार जनार्दन भोईर, भाईंदर पश्चिमेच्या मोरव्याचे. तिसरी नया नगरची शिपाई नसरीन, जी मामांशी मराठीत, माझ्याशी हिंदीत आणि संगणकाशी शिव्यांत बोलायची. दिवसभरात ठाण्यांतून आणि रुग्णालयांतून आलेले कागद रात्री आम्ही संगणकावर चढवायचो. मामांकडे हरवलेल्या माणसांच्या नोंदी, नसरीनकडे अनोळखी सापडलेल्यांच्या. पहाटे संगणक दोन्ही याद्या ताडून बघायचा. शब्दाला शब्द, अक्षराला अक्षर. जुळलं तर कुणाच्या तरी घरचा फोन वाजायचा.

मामांचा त्या यंत्रावर विश्वास नव्हता. ते एकेक नोंद मोठ्याने वाचत, समोरून नसरीन आपली वाचे, आणि दोघांचे कान एकमेकांच्या टेबलावर असत. मामांच्या घराण्याची पूर्वी मिठागरं होती, त्यामुळे त्यांची सगळी तत्त्वं खारट असायची. "सगलं मीठ दिसायला सारखंच सायेब. चाखल्याबिगर कलत न्हाय कुनाच्या आगराचं. तसं नाव हाय. तोंडानं बोलल्याबिगर कलत न्हाय कुनाच्या घरचं."

मामांकडे एक दोनशे पानी वही होती, शाळेतली पोरं वापरतात तसली. ठाण्यातून अर्धवट कागद आला की ते घरच्यांना फोन लावत आणि घरचे जे बोलतील ते, ज्या शब्दांत बोलतील त्या शब्दांत, त्या कच्च्या वहीत उतरवून घेत. 'डोकरी जेवून उठली नि चालू परली.' 'बापूस खोकला की आमाला कलायचं घरात हाय.' हे सरकारी दफ्तरात कुठे बसणार? पण मामा म्हणत, "पयलं ऐकल्यासारखं लिवायचं. मंग तुमच्यासारखं."

तुमच्यासारखं, म्हणजे माझ्यासारखं. इथे माझा आजार सांगायला हवा. माझे वडील रत्नागिरीकडे मराठीचे मास्तर. त्यांच्याकडून वारशात मला एकच गोष्ट मिळाली, दुसऱ्याची चूक दिसली की बोटांना सुटणारी खाज. खिशात लाल पेन कायम. उडप्याच्या फळ्यावरचं 'स्पेशल थाळि' मी खडू मागून घेऊन दुरुस्त केलेलं आहे. स्वतःच्या लग्नपत्रिकेतले ऱ्हस्व-दीर्घ तपासण्यात इतका रंगलो की मुहूर्ताची वेळ तासभर पुढची छापली गेलीय हे दिसलंच नाही. पाहुणे अक्षता टाकायला आले तेव्हा आम्ही जेवायला बसलो होतो. वेलांट्या मात्र अचूक होत्या.

असा माणूस भोईरमामांच्या वहीवर सोडल्यावर काय होणार? मामांच्या बोलण्यात ळ नव्हता आणि ण नव्हता. काळा म्हणजे काला, पाणी म्हणजे पानी, आणि पडली म्हणजे परली. मी वहीभर लाल गोल काढत सुटलो. "मामा, सरकारी नोंद आहे, प्रमाण भाषेत हवी." मामा हसत. "लाल शाई वहीवर चालंल सायेब. शीटवर नको." त्यांच्या सेवेच्या शीटवर, जिथे शिक्षा लाल शाईनं लिहितात, तिथे इतक्या वर्षांत एक टिंबही नव्हतं. निवृत्तीला वर्षही उरलं नव्हतं, आणि तो कोरा कागद घरी नेऊन बायकोला दाखवायचा, एवढीच त्यांची महत्त्वाकांक्षा होती. "ती बोलते, तुमी नोकरीत केलं काय? तिला दाखवीन, हे बघ, काय न्हाय केलं!"

एका रात्री वरिष्ठ अधिकारी अचानक फेरीवर आले. आत मामांचं वाचन चालू. ते गेल्यावर मी, कोणी काही बोललेलं नसताना, फर्मान काढलं. "मोठ्याने वाचायचं बंद. हे कार्यालय आहे, पारायण नाही." नसरीननं तोंड वाकडं केलं. मामा म्हणाले, "बरं." त्या रात्रीपासून खोलीत फक्त पंख्याचा आणि कळफलकाचा आवाज. मला वाटलं, शिस्त आली.

मग काशीगावची म्हातारी आली. म्हणजे तिचा कागद आला. वय सत्तरच्या पुढे, विसराळू झालेली, सकाळी घरातून निघाली ती परतली नाही. मामांनी तिच्या मुलाला फोन लावला आणि वहीत लिहिलं, 'उजव्या हातावर गोंदलंय बालू.' बालू म्हणजे तो मुलगाच, बाळकृष्ण. तो जन्मला त्या वर्षी तिनं जत्रेत गोंदवून घेतलं होतं.

मी मागून वाकून बघितलं आणि पेन काढलं. ल भोवती लाल गोल, वर ळ.

"सायेब, हे मी न्हाय लिवलेलं," मामा म्हणाले. "तिच्या हातावर तसं हाय. पोराला इचारून लिवलं. ल."

तेव्हा मी जे बोललो त्यावर मी स्वतः खूश झालो होतो, दोन दिवस घरी सांगत होतो. मी म्हणालो, "मामा, तिच्या हातावर चुकलं असेल, म्हणून आपण का चुकायचं?"

नसरीनसुद्धा हसली. मामांचं बोट ल वरच राहिलं. मी त्यांच्या खुर्चीमागून हललो नाही. शेवटी त्यांनी टंकलं, बाळू.

पुढची नऊ दिवसांची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण लांबवायला मला जमत नाही. म्हातारी दुसऱ्याच दिवशी रस्त्यात चक्कर येऊन पडली होती. कुणी भल्या माणसानं रुग्णालयात नेलं. तिथून आलेला कागद नसरीननं चढवला, अनोळखी स्त्री, उजव्या हातावर गोंदण, बालू. तिनं कागदावर होतं तसंच लिहिलं. नेमका तो कागद माझ्या लाल पेनातून सुटला. रोज पहाटे संगणक 'बाळू' आणि 'बालू' शेजारी ठेवून बघत होता आणि रोज सांगत होता, ही दोन वेगळी माणसं आहेत. यंत्राचं बरोबरच होतं. शुद्धलेखन आम्ही दोघंही पाळत होतो.

नवव्या रात्री माझी साप्ताहिक सुट्टी होती. साहेब नाहीत म्हटल्यावर मामा मोठ्याने वाचू लागले. संगणकावरून नव्हे, वहीतून. "काशीगावची डोकरी, हातावर गोंदलंय बालू... कुठं गेलीस गो आये?" आणि समोरून नसरीन उठून उभी राहिली. "मामा! बालू माझ्याकडे आहे!"

रुग्णालयाचा फोन लागला. ती त्या संध्याकाळी गेली होती. इतके दिवस ती वॉर्डात येईल त्या पुरुषाला 'बालू' म्हणत होती, असं तिथल्या नर्सनं सांगितलं. कुणीही ओ देत नव्हता, कारण तिथे कुणाचं ते नाव नव्हतं.

चौकशी लागली. नोंद कोणाची? भोईरांची. पर्यवेक्षकांनी तपासली होती का? मला विचारलं तेव्हा माझ्या घशापर्यंत खरं आलं होतं. पण माझ्या बढतीची फाईल वर गेलेली होती. मी म्हणालो, "नोंदी फार असतात, सर. प्रत्येक अक्षर बघणं शक्य होत नाही." जन्मभर प्रत्येक अक्षर बघत आलेला माणूस हे म्हणाला. शुद्ध मराठीत.

मग मामांना विचारलं, "भोईर, ल चा ळ कसा झाला?"

मामा माझ्याकडे न बघता म्हणाले, "आमच्या बोलन्यात ळ नसतो ना सर. सायेबांनी शिकवला, तर जरा जास्तच लावला गेला."

अधिकारी हसले. "कच्ची वही ठेवता म्हणे तुम्ही? ती कुठाय?"

"हरवली, सर."

हरवलेल्या माणसांच्या शाखेत वही हरवली, यावरही हसले. मामांना सक्त ताकीद मिळाली. शीटवर लाल शाईत दोन ओळी.

बाहेर जिन्यात मी त्यांना गाठलं. म्हटलं, "मामा, तुम्ही सांगायचं होतंत." वाक्य ऐकताय ना? सांगायचं मी होतं, आणि रागवत त्यांच्यावर होतो.

मामा म्हणाले, "तुमची बरीच नोकरी हाय. माझे चार म्हैने." मग कठडा धरून, "पन एक करा सायेब. काशीगावात त्या बालूकडं माझ्यासंगं चला. त्याला तुमच्या तोंडानं सांगा. त्याला कलायला पायजे आय कशापाय मेली."

"येतो. येत्या रविवारी."

त्या रविवारी मुलीची परीक्षा होती. पुढच्याला पाहुणे. त्याच्या पुढच्याला मला कणकण वाटत होती, आणि मी थर्मामीटर लावला तर अठ्ठ्याण्णवावर एक रेघ सरकेना, तरी मी पांघरूण घेऊन पडून राहिलो. बढती मिळाली. मामा निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी मी भाषण केलं, 'निष्कलंक सेवा' हे शब्द वापरले, आणि समोर बसलेल्या नसरीननं मान खाली घातली. मामा घरी शीट दाखवायला नेणार होते. नेली का, विचारायची माझी हिंमत झाली नाही.

नंतर मधूनमधून त्यांचा फोन यायचा. तब्येत, पोरं, आणि शेवटी तोच प्रश्न, "सायेब, तुमचा रविवार कवा हाय?" मी हसून म्हणायचो, लवकरच. पुढेपुढे मी फोन वाजला की नाव बघून उलटा ठेवायला लागलो.

मग एक दिवस त्याच नंबरवरून त्यांच्या मुलीचा फोन आला. मामा झोपेतच गेले होते.

मोरव्याला गेलो तेव्हा मामींनी पाणी दिलं आणि कपाटातून ती दोनशे पानी वही आणून माझ्या मांडीवर ठेवली. "बोलले होते, सायेब येतील, त्यांना द्या. घरातच होती, जुन्या धोतरात गुंडालून." मी ते पान उघडलं. मामांचा निळा 'बालू', त्यावर माझा लाल गोल, वर माझा घोटीव, वळणदार ळ. वही दाखवली असती तर चौकशी दोन मिनिटांत संपली असती. वडिलांनी शिकवलेलं अक्षर आमच्या कार्यालयात कुणीही ओळखलं असतं.

"शीटवर लाल शाई लागली ना त्यांच्या," मामी म्हणाल्या. "मला शीट दाखवलीच न्हाय. बोलले, हरवली."

त्यानंतरच्या पहिल्याच रविवारी मी काशीगावला गेलो. बाळकृष्ण पन्नाशीचा माणूस, दुरुस्तीच्या दुकानात हात ऑइलनं माखलेले. मी सगळं सांगितलं. वही दाखवली. त्यानं हात पुसले, पण पानाला बोट लावलं नाही.

"भोईरमामा आलेले," तो म्हणाला. "बोलले, चूक माझी हाय. मी त्यांना नको नको ते बोललो. या दारातून हाकललं त्यांना." मग माझ्याकडे बघून, "आनि तुमी आता आले? ते मेल्यावर?"

"हो."

"मला सांगून काय व्हनार? माझी आय येनार हाय? जिथं मामांच्या कागदावर लाल शाई लागलीय, तिथं जाऊन सांगा." आणि तो आत गेला. चहा वगैरे विचारला नाही. बरं झालं. प्यायलो असतो तर माफी मिळाल्यासारखं वाटलं असतं.

म्हणून परवा मी अर्ज केला. कै. जनार्दन भोईर यांच्या सेवेच्या शीटवरची ताकीद रद्द करावी, ती चूक खाली सही करणाऱ्याची होती, आणि तिच्याबद्दल तो खोटं बोलला, त्याबद्दल त्याच्यावर योग्य ती कारवाई व्हावी. सोबत वहीचं पान. टंकायला नसरीनला बसवलं. ती भराभर टंकत गेली. मधेच थांबली. तिला सगळं ठाऊक होतं, तरी विचारलं.

"सर, ये 'बालू' गलत है ना? ळ आयेगा?"

खिशाकडे गेलेला हात मी खाली घेतला. पेन तिथे नव्हतंच, तरी गेला.

"नाही. ल."

तिनं ल टंकला. मग प्रिंट काढायला माउसकडे हात नेला, तेव्हा मी म्हटलं, "थांब. आधी वाच."

"मोठ्याने?" ती म्हणाली. माझ्याशी ती पहिल्यांदाच मराठीत बोलत होती.

"मोठ्याने."