भावाची गाडी विकायला अंबरनाथला

अकोल्याहून निघताना माझ्याजवळ तीन पिशव्या होत्या आणि एक काम होतं. दोन पिशव्यांत डिंकाचे लाडू, तिसरीत कपडे. काम असं, की अंबरनाथच्या माझ्या धाकट्या भावाला, मिलिंदला, त्याची गाडी विकायला लावायची. भावजय संगीता महिनाभर फोन करत होती, ते माझं ऐकत नाहीत, ताई, तुम्हीच या. घरात थोरली मी, त्यामुळे अशी वाईट कामं माझ्याच वाट्याला येतात.

मिलिंद तिथल्या एका कारखान्यात बत्तीस वर्षं फिटर होता. निवृत्त झाल्यावर आमच्याकडची माणसं बोधगयेला जाऊन येतात. यानं बारा वर्षं जुनी जर्मन गाडी घेतली. लाल रंगाची, दोन सीटची, गाड्यांच्या शर्यतीतली वाटावी अशी. उल्हासनगरच्या एका व्यापाऱ्याच्या गोदामात ती बंद पडून होती, कोणी हात लावायला तयार नव्हतं, म्हणून याच्या आवाक्यात आली. मीही रिकाम्या हातानं निघाले नव्हते. मुलाच्या ओळखीतलं बदलापूरचं एक गिऱ्हाईक हेरून ठेवलं होतं, आणि ते गृहस्थ रविवारी गाडी बघायला येणार होते.

शुक्रवारी सकाळी कल्याण स्टेशनवर मिलिंद तीच गाडी घेऊन आला. मी पिशव्या घेऊन मागे गेले, तर म्हणाला, मागे इंजिन आहे, डिकी पुढे. हा उलटा कारभार बघून माझं मत आणखी पक्कं झालं. आत बसणं म्हणजे जवळजवळ जमिनीवर पाट टाकून बसणं. शेजारच्या सीटवर हत्यारांची पेटी होती, ती त्यानं मोठ्या नाखुशीनं उचलली आणि माझ्या मांडीवर ठेवली. अंबरनाथ येईपर्यंत रस्त्यावरचा प्रत्येक गतिरोधक त्यानं तिरकी गाडी घालून, मुंगीच्या पावलानं ओलांडला. एक सायकलवाला आमच्या पुढे निघून गेला.

संगीतानं तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण केलं होतं. जेवताना तिनं गाऱ्हाणं मांडलं. दर रविवारी हा माणूस गाडीखाली, गुडघे दुखतात तरी उकिडवा. दोन सीटची गाडी, त्यातल्या एकीवर पाने आणि स्क्रूड्रायव्हर. "मी अजून एकदाही बसले नाही तिच्यात," ती म्हणाली. मिलिंद खाली मान घालून काटे काढत राहिला.

शनिवारी सकाळी तो मला उल्हासनगरच्या कॅम्प एक भागात घेऊन गेला. आधी दालपकवान (कडक तळलेली पुरी आणि वर हरभऱ्याच्या डाळीचं दाट वरण) खाल्लं. मी दोन प्लेटी खाल्ल्या, हे संगीताला कळवू नये अशी विनंती आहे. मग गोपशेठ या सिंधी व्यापाऱ्याच्या स्पेअर पार्टच्या दुकानात. मिलिंदला इंजिनला पाणी नेणाऱ्या पाइपाचा जोड हवा होता. गोपशेठनं काउंटरवर दोन ठेवले आणि म्हणाला, "साईं, ये ओरिजनल है, और ये ओरिजनल जैसा है. मैं झूठ नहीं बोलता." मिलिंदनं खिशातून मोजपट्टी काढून दोन्ही मोजले आणि दोन्ही परत केले. मुळातलाच प्लास्टिकचा असतो, उन्हापाण्यानं तडकतो, मग ओरिजनल घेऊन काय करायचं, असं त्याचं म्हणणं. गोपशेठ चिडला नाही. मिलिंदभाई माल घ्यायला नाही, तपासायला येतात, असं मला सांगून त्यानं चहा मागवला.

तिथून आम्ही मोरिवलीला गेलो. कारखान्यांच्या भिंतींना खेटून जुनं गाव आहे आणि हवेत औषधाच्या दुकानासारखा वास. पुंडलिकदादा नावाच्या आगरी गृहस्थांचं तिथं लेथ मशीनचं छोटं शेड. मिलिंदनं काढलेलं चित्र बघून त्यांनी तासाभरात तोच जोड अॅल्युमिनियमचा करून दिला. तोवर मी त्यांना विचारलं, या गाडीत एवढं काय आहे? ते मशीनवरून नजर न काढता म्हणाले, "बाय, तुमचा भाव मशीनीला इचारल्याबिगर हात नाय लावाचा. अशी मानसा आता रायली नाय."

शेडबाहेरच, वाकून, मिलिंदनं जोड बसवला. मी विचारलं, जुना तडकला होता का? नव्हता, पण येत्या उन्हाळ्यात तडकला असता. कारखान्यात बत्तीस वर्षं त्यानं हेच केलं होतं. तेव्हा तो एक वाक्य बोलला, जे मला पुढं महागात पडलं. "मशीन आपोआप बंद पडत नाही, ताई. कोणीतरी काहीतरी विसरलेलं असतं."

बदलापूरला आमची मावसबहीण राहते, लाडवांची एक पिशवी तिच्यासाठी होती. तिच्या दाराला कुलूप होतं, शेजारीण म्हणाली, हळदीला गेल्यात. मग जांभूळ गावाच्या रस्त्यानं आम्ही भटकलो. जानेवारीतलं पिवळं गवत, दूर डोंगर, पाण्याच्या टाक्यांकडे जाणारा रिकामा रस्ता. तिथं मिलिंदनं पहिल्यांदा गाडी सुसाट सोडली. पाठीमागून असा आवाज आला की मी देवाधर्मातली नसूनही डोळे मिटले. उघडले तेव्हा माझा एकसष्ट वर्षांचा भाऊ हसत होता, लहानपणी पोहायला शिकला तेव्हा हसला होता तसा. मला फार बरं वाटलं, आणि त्याच क्षणी अपराधीही वाटलं. घरी आल्यावर रविवारच्या पाहुण्याचं त्याला कसंबसं सांगितलं. तो "येऊ दे" म्हणाला आणि गाडी पुसायला गेला.

रविवारी ते गृहस्थ दहाला हजर. मिलिंदनं किल्ली फिरवली. काहीच झालं नाही. पुन्हा फिरवली, नुसता दिवा लुकलुकला. पाहुणे आणि मी मागे इंजिनापाशी उभे होतो. त्यानं पुढची डिकी उघडली, आतलं अस्तर उचलून बराच वेळ बघितलं, आणि हळूच बंद केली. मग पाहुण्यांना म्हणाला, "वायर गेलीय. चूक माझी. बघायचं राहिलं माझ्याकडून." पाहुणे उदार निघाले. म्हणाले, अशीच द्या, मंगळवारी उचलून नेतो. मिलिंद म्हणाला, "न्या."

माझं काम फत्ते झालं होतं. जिना चढताना मी खुशीतच होते. वर संगीतानं सहज विचारलं, मावसबहिणीची लाडवांची पिशवी कुठे ठेवलीत, फ्रीजवर दिसत नाही. तेव्हा कुठे मला आठवलं. पिशवी डिकीत राहिली होती. रात्रभर. खाली उघडं पार्किंग, शेजारी नाला, आणि उंदरांना साजूक तुपाचं आमंत्रण.

आता खरं सांगते. मी तासभर गप्प बसले. बोलले नाही तर गाडी जाणार होती, संगीताची कटकट मिटणार होती, आणि मी अकोल्याला विजयी परतणार होते. पण गॅलरीतून खाली मिलिंद दिसत होता. उघड्या डिकीसमोर स्टूल टाकून बसलेला. बत्तीस वर्षांत ज्याच्या हातून काही राहिलं नाही, तो परक्या माणसासमोर "राहिलं माझ्याकडून" म्हणाला होता. ते मला गिळवेना.

मी खाली गेले. तो कुरतडलेल्या वायरी एकेक जोडून टेप गुंडाळत होता. पाहुण्यांना धड गाडी द्यायची म्हणे.

"मिलिंद, ती पिशवी माझी. मीच विसरले."

"माहीत आहे. सकाळी डिकी उघडली तेव्हाच दिसली. सगळीकडे डिंक आणि खारकांचा चुरा."

"मग सगळ्यांसमोर स्वतःवर कशाला घेतलंस?"

तो टेप दातानं तोडत म्हणाला, "माझ्या गुडघ्यांसाठी लाडू घेऊन तू दहा तास बसून आलीस. त्या माणसासमोर तुला काय म्हणू? उंदीर आणलेस?" मग थोडं थांबून, "तू विकायला आलीस तेही माहीत होतं. संगीता फोनवर हळू बोलते असं तिला वाटतं."

मला रडू आलं, आणि रडताना हसूही. पार्किंगमधल्या दोन बायका बघत होत्या, बघू देत. डोळे पुसून मी थोरलेपणा वापरला. म्हटलं, गाडी कुठे जात नाही. पण ही पेटी आजपासून घरात राहील आणि या सीटवर संगीता बसेल. दुपारी गाडी सुरू झाली. संगीता नको नको म्हणत साडी बदलून आली, आत बसली, आणि दोघं जांभूळच्या बाजूला गेली. परत आल्यावर तिला बाहेर ओढून काढायला आम्ही दोघं लागलो. ती मला म्हणाली, "ताई, पुढच्या रविवारी कर्जतपर्यंत जाऊ म्हणतात." विकण्याचा विषय तिनं काढला नाही.

सोमवारी परतीच्या गाडीत कसारा घाट मागे पडल्यावर मी बदलापूरच्या गृहस्थांना फोन केला आणि मंगळवारी येऊ नका म्हणून सांगितलं. ते नाराज झाले. विचारू लागले, काय हो, गाडीत काही खोट निघाली का?

म्हटलं, गाडीत नाही. विकायला आलेल्या बाईत होती.